सॅक घरी, आपण जहाजावर: एकजण ट्रेकर असलेल्या जोडप्यांचे नेहमीचे प्रश्न

आधी थोडं सांगते म्हणजे उत्तरं कुठून येतायत ते कळेल. मी गेली अठरा-एकोणीस वर्षं शनिवार-रविवार सह्याद्रीत असते. नवऱ्याला डोंगर खालून आवडतो. सिंहगडावर तो गाडीने येतो, पिठलं-भाकरी खातो, मडक्यातलं दही संपवतो आणि "मस्त आहे गं" म्हणून गाडीनेच उतरतो. गेल्या पंधरा वर्षांत आमच्या सगळ्या सुट्ट्या मी ठरवल्या, तो निमूट आला, बेस कॅम्पच्या होमस्टेमध्ये पुस्तक वाचत बसला. मग लग्नाच्या वाढदिवसाला त्याने मला न विचारता सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ बुक केली (पिनांग, फुकेत आणि परत), आणि नंतर मुंबई-गोवा पण झाली. तेव्हापासून ट्रेकच्या ग्रुपमधले लोक खाजगीत मेसेज करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. प्रश्न तुमचेच आहेत, फक्त नावं काढलीयत.

१. क्रूझवर लोक दिवसभर करतात तरी काय?

खातात, झोपतात, डेकवर खुर्ची टाकून समुद्र बघतात, संध्याकाळी शो बघतात, परत खातात. जहाज साधारण रात्री चालतं आणि सकाळी एखाद्या बंदराला लागतं, तुम्ही दिवसभर फिरून संध्याकाळी परत. ज्या दिवशी बंदर नसतं त्याला सी डे म्हणतात, त्या दिवशी खरी परीक्षा, पुढचा प्रश्न वाचा.

२. मला एका जागी बसवत नाही. रविवारी ट्रेक नसेल तर वेताळ टेकडीला दोन चकरा मारते. चार दिवस जहाजावर वेड लागणार नाही का?

पहिले दीड दिवस लागेल. खोटं कशाला बोलू. मी पहिल्या दिवशी पूर्ण जहाज पायाखाली घातलं, सगळे जिने, सगळे डेक, लाइफबोटी मोजल्या, आणि दुपारी तीनला केबिनमध्ये येऊन म्हटलं "झालं बघून, आता?" नवरा बाल्कनीत पाय वर करून बसला होता, तो म्हणाला "आता काही नाही." मला खरंच कळेना की काही नाही म्हणजे काय करायचं असतं.

मला उपयोगी पडलं ते असं. ट्रेकला आपला नियम काय असतो, लीडरचं ऐकायचं. वाट कुठली, कुठे थांबायचं, पाणी कधी प्यायचं, तो सांगेल तसं, आपल्याला कितीही वाटलं की ही वाट लांबची आहे तरी. तर हा ट्रेक त्याने काढलाय, लीडर तो, आपण मेंबर. इतकी वर्षं तो मेंबर म्हणून कुरकूर न करता आला ना आपल्याबरोबर? मग चार दिवस आपणही. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जातं, निदान मला गेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मलाक्काच्या सामुद्रधुनीत आम्ही दोघं एक शब्द न बोलता सव्वा तास नुसती जाणारी-येणारी मालवाहू जहाजं बघत होतो. असं आम्ही घरी कधीच बसलो नव्हतो, घरी टीव्ही असतो नाहीतर माझ्या पुढच्या ट्रेकची यादी.

पण अंगाला हालचाल लागतेच, ती मारू नका, पहाटे उरकून टाका. जोडीदार उठायच्या आत. कशी ते प्रश्न ११ मध्ये.

३. पहिलीच क्रूझ आहे, पुण्याहून सगळ्यात सोपी कुठली?

मुंबई-गोवा, दोन किंवा तीन रात्री. पासपोर्ट नको, विमान नको, आवडलं नाही तर दोन दिवसांत सुटका. मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस जहाज जातं, जहाज १९९० सालचं आहे, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं, २०२१ पासून इथे. इंटरनेटवरच्या त्या वीस मजली जहाजांचे फोटो बघून याच्यावर चढू नका, हे त्यामानाने लहान आहे, आणि खरं सांगायचं तर मला लहानच आवडलं, दोन दिवसांत चेहरे ओळखीचे होतात.

लक्षद्वीपवाली पण मुंबईहून असते, पाणी बघून डोळे फिरतात, पण तिथे परमिट आणि हवामान दोन्हीची भानगड आहे (प्रश्न ५ आणि १८). पहिल्यांदाच परदेशी जायचं असेल तर सिंगापूर बरं. तिथून जाणाऱ्या जहाजांवर भारतीय लोक इतके असतात की नाश्त्याला इडली-उपमा मिळतो आणि लिफ्टमध्ये कोणीतरी मराठी बोलतंच.

४. पुण्याहून बॅलार्ड पिअरला (मुंबईत क्रूझ सुटते तो धक्का) कसं जायचं? आदल्या दिवशी मुंबईत राहावं का?

भारतातल्या क्रूझसाठी आदल्या दिवशी जायची गरज नाही, चेक-इन बहुतेक दुपारी असतं. सव्वासातची डेक्कन क्वीन पकडा, साडेदहाच्या सुमाराला सीएसएमटी, तिथून टॅक्सीने दहा मिनिटं. ऑम्लेट-टोस्ट खात घाट बघितला की सुट्टी तिथेच सुरू. गाडीने जायचं असेल तर एक्सप्रेसवे, मग अटल सेतू (२०२४ च्या जानेवारीत सुरू झाला, जवळजवळ २२ किलोमीटर आहे), शिवडीला उतरून फ्रीवेने सरळ खाली. पण गाडी तीन दिवस ठेवायची कुठे हा प्रश्न उरतो, आणि रविवारी संध्याकाळी परत येताना खंडाळ्याला जे होतं ते तुम्हाला माहितीच आहे. ट्रेनच बरी.

परदेशी क्रूझ असेल तर मात्र एक दिवस आधी पोचाच. विमान लेट झालं म्हणून जहाज थांबत नाही.

५. पासपोर्ट, व्हिसा, परमिट, नक्की काय काय लागतं?

मुंबई-गोवा: आधारसारखा सरकारी फोटो आयडी, मूळ कार्ड, झेरॉक्स नाही. लक्षद्वीप: आपण भारतीय असलो तरी तिथे परमिट लागतं, बुकिंग करताना कंपनी फॉर्म भरून घेते, पण तो वेळेत भरणं आपलं काम. आणि तिथे बंगारम सोडलं तर बेटांवर दारूबंदी आहे, कोणीतरी हमखास विचारतं म्हणून सांगून ठेवलं.

सिंगापूर किंवा युरोप: इथे लोक फसतात. जहाज सिंगापूरहून निघून मलेशिया-थायलंड करून पुन्हा सिंगापूरला येतं, म्हणजे तुम्ही सिंगापूरमध्ये दोनदा शिरता, तेव्हा व्हिसा मल्टिपल एन्ट्री हवा. बार्सिलोनाहून निघून मधे तुर्कस्तान करून परत इटलीत येणारी क्रूझ असेल तरी तेच, शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) मल्टिपल पाहिजे. आणि वाटेतल्या प्रत्येक देशाचे नियम वेगळे बघा, जहाजातून उतरणार नसलात तरी. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने चालू असावा. आमच्या एजंटने यातलं काहीही आपणहून सांगितलं नव्हतं, मीच शोधत बसले.

६. मी म्हणतो इनसाइड केबिन घेऊ, झोपायलाच तर जायचंय. बायको म्हणते बाल्कनी. कोण बरोबर?

बायको. इनसाइडला खिडकीच नसते, आत दिवस की रात्र कळत नाही, आपल्याला गुहेत झोपायची सवय आहे म्हणून चालेल, पण जो माणूस निवांत बसायला आलाय त्याची जागा बाल्कनी आहे, त्याचा ट्रेक तिथेच होणार आहे. दोघांत मिळून खोली साधारण १८०-२०० चौरस फुटांची असते, त्यात चार दिवस काढायचेत, दार उघडून बाहेर जाता आलं पाहिजे. पैसे कमी असतील तर रात्री कमी करा पण बाल्कनी घ्या. दोन रात्रींच्या गोव्याला मात्र खिडकीवाली ओशन व्ह्यू पुरे. अॅपवर "ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू" असं लिहिलेलं स्वस्त दिसेल, म्हणजे खिडकीसमोर लाइफबोट लटकतेय.

७. मला ताम्हिणीत गाडी लागते. बोट लागेल का?

लागू शकते, पण ताम्हिणीइतकी नाही. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, ते डुलणं कमी करतात. शिवाय मलाक्काच्या सामुद्रधुनीला एका बाजूने सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूने मलायाचा आडोसा आहे, पाणी बऱ्याचदा पाषाण तलावासारखं. ऑक्टोबर ते मे अरबी समुद्रही साधारण शांत.

केबिन घेताना जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर घ्या. झोपाळ्याच्या टोकाला बसलेला जास्त हलतो, तसंच पुढच्या-मागच्या टोकाला जास्त हलतं. गरगरायला लागलं तर केबिनमध्ये जाऊन मोबाइल बघत पडू नका, डेकवर वाऱ्यात उभं राहा आणि क्षितिजाकडे बघा. आलेपाक जवळ ठेवा, आपल्या आज्या कोकणच्या बोटीत तोच चघळायच्या. रिकाम्या पोटी राहू नका. गोळी घ्यायची तर (अॅव्होमिन वगैरे) डॉक्टरांना विचारून आणि त्रास व्हायच्या आधी घ्यायची, नंतर घेऊन फार उपयोग नाही. तिने झोप येते. माझ्या नवऱ्याला गोळीशिवायही येते.

गंमत म्हणजे बोट मला लागली, त्याला नाही. इतक्या ठिकाणी कड्यावर उभी राहिलेली मी दुसऱ्या रात्री बाथरूमचं दार धरून, आणि हा मला लिंबू-मीठ देतोय.

८. तिकिटात सगळं इन्क्लुडेड असतं ना?

राहणं, बुफे, मुख्य डायनिंग रूम, शो, पूल, जिम: हो. दारू, वायफाय, स्पा, स्पेशल रेस्टॉरंट, बंदरावरच्या टूर, कसिनो: नाही. परदेशी जहाजांवर ग्रॅच्युइटी (म्हणजे टिप) म्हणून माणशी रोजचे काही डॉलर आपोआप बिलात लागतात, बऱ्याच कंपन्यांचे १५ ते २० च्या मधे, ते आधीच धरून चाला नाहीतर शेवटच्या रात्री बिल बघून तोंड उतरतं. जहाजावर रोख चालत नाही, एक कार्ड देतात, तीच किल्ली, तेच पाकीट, आणि म्हणूनच खर्च कळत नाही. रोज रात्री रिसेप्शनला किंवा अॅपवर हिशेब बघायचा. पुणेकरांना हे सांगायला नको.

दारूच्या पॅकेजमध्ये एक खोच आहे, बऱ्याच कंपन्यांत एका केबिनमधल्या एकाने घेतलं तर दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावं लागतं. एक पिणारा आणि एक कोकम सरबतवाला असं जोडपं असेल तर सुटं सुटं घेणंच परवडतं.

९. सॅक नेली तर चालेल का? चाकू, स्टोव्ह, काठी?

सॅक न्या, बंदरावर कामाला येते, पण ६० लिटरवाली नको, २० ची बास. गॅसचा कॅनिस्टर आणि स्टोव्ह अजिबात नाही, जहाजावर आगीइतकी भीती कशाचीच नसते, त्याच कारणाने इस्त्री, किटली, मेणबत्ती पण काढून घेतात. चार इंचांपेक्षा मोठं पातं चालत नाही. ड्रोन बऱ्याच ठिकाणी बंद. ट्रेकिंग पोल चेक-इनच्या बॅगेत टाका, मला कोणी अडवलं नाही. हेडटॉर्च असू द्या, जोडीदार झोपलेला असताना पहाटे पाचला बूट शोधायला.

कपडे: संध्याकाळी जेवायला शॉर्ट्स-फ्लोटर्सवर काही डायनिंग रूममध्ये घेत नाहीत. एक साडी किंवा एक बरा शर्ट-पँट ठेवा. त्याला आवडतं.

१०. व्हेज, जैन, उपवास? घरचं खाणं नेता येतं का?

भारतातून सुटणाऱ्या जहाजांवर व्हेजची काळजीच करू नका, जैनही मिळतं. परदेशी जहाजावर बुकिंग करतानाच लिहून द्यायचं, आणि पहिल्याच रात्री वेटरला भेटून परत सांगायचं, दुसऱ्या दिवसापासून तो तुम्हाला शोधत येतो. संकष्टी आली तर फळं, दही, उकडलेले बटाटे बुफेत असतात, साबुदाण्याची आशा ठेवू नका. सीलबंद बाकरवडी, चिवडा, थेपले बहुतेक जाऊ देतात. जहाजावरचं खाणं बंदरावर मात्र उतरवायचं नाही, फळ तर नाहीच, कस्टमवाले धरतात.

११. जहाजावर अॅडव्हेंचर म्हणावं असं काही असतं का, की सगळं म्हाताऱ्यांचं?

क्लाइंबिंग वॉल आता बऱ्याच जहाजांवर आहे, रॉयल कॅरिबियनने १९९९ मध्ये व्हॉयेजर ऑफ द सीजवर पहिल्यांदा आणली. ड्यूक्स नोज (लोणावळ्याजवळचा कडा) करून आलेल्या माणसाला ती दोन मिनिटांची आहे, पण खाली बघितलं की मागे समुद्र हलत असतो, ते जरा वेगळं. सिंगापूरहून जाणाऱ्या मोठ्या जहाजांवर रोप कोर्स, झिपलाइन, कुठे हवेच्या झोतावर तरंगायचं मशीन, असलं असतं. एकदा करा, दुसऱ्यांदा रांग असते.

मला खरं पुरलं ते जिने. लिफ्ट वापरायचीच नाही असं ठरवलं. खालून वरपर्यंत दहा-बारा मजले एका दमात म्हणजे दोनेक पर्वती झाल्या (पर्वतीच्या पायऱ्या १०३). बऱ्याच जहाजांवर १३ नंबरचा डेकच नसतो, बारानंतर एकदम चौदा, मोजताना गोंधळू नका. आणि पहाटे वरच्या डेकवर चालायचा ट्रॅक असतो, किती फेऱ्यांना एक मैल होतो त्याची पाटी असते. साडेपाचला तिथे मी, दोन सिंगापुरी आजोबा आणि डेक धुणारे क्रूवाले. सूर्य पाण्यातून वर येताना बघितला. कोकणकड्यावरून आपण तो मावळताना बघतो, हे उलटं.

१२. बंदरावर उतरून कंपनीची टूर न घेता आपलं आपण डोंगरावर जाता येतं का?

येतं, आणि आपल्यासारख्यांनी तेच करावं. टूरच्या बसमधून चाळीस जणांबरोबर फिरणं मला तरी जमत नाही. पिनांगला जहाज थेट जॉर्जटाउन गावातच लागतं, तिथून बोटॅनिक गार्डनपर्यंत टॅक्सी, आणि बागेपासून पिनांग हिलवर जायला चढणीचा जीपरोड आहे, डोंगर ८३३ मीटर. वर झाडी दाट, दमट इतकं की पावसाळ्यातला भीमाशंकर आठवतो. जाताना चढून जा, येताना १९२३ पासून चालू असलेल्या फ्युनिक्युलर ट्रेनने (दोराने ओढली जाणारी डोंगरातली गाडी) या, वेळ वाचतो.

युरोपात जाणार असाल तर माँटेनेग्रोमधल्या कोटोरला जहाज गावासमोरच थांबतं आणि गावामागे लगेच तटबंदीच्या साधारण १३५० पायऱ्या सुरू. नॉर्वेत स्टाव्हँगर आलं तर ६०४ मीटर उंचीचा प्रेकेस्टोलेन कडा, येऊन-जाऊन ८ किलोमीटरची चाल. पण गावापासून पायथ्यापर्यंत जायचा वेळ धरून गणित करा.

गणित हाच मुद्दा. ऑल अबोर्ड म्हणजे जहाजात परत यायची शेवटची वेळ, आणि ती चुकली तर जहाज जातं. कंपनीच्याच टूरवर असाल तर सहसा थांबतात, स्वतःचं स्वतः गेलेल्यांसाठी नाही. पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चाने.

आता माझा मूर्खपणा ऐका. फुकेतला आम्ही छोट्या बोटीने पाटोंगच्या किनाऱ्यावर उतरलो. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ सारखीच, पण थायलंड एक तास मागे. जहाजाचं घड्याळ सिंगापूरचंच होतं. माझ्या मोबाइलने मात्र किनाऱ्यावर पाय ठेवल्या ठेवल्या आपणहून थायलंडची वेळ लावली, आणि मी एका टेकडीवरच्या व्ह्यूपॉइंटला निवांत फोटो काढत बसले की अजून तास आहे म्हणून. खाली किनाऱ्यावर बसलेल्या नवऱ्याच्या हातात त्याच्या वडिलांचं चावीचं एचएमटी होतं, त्याला जहाजाची वेळ माहीत होती, त्याचे अकरा मिस्ड कॉल. मी उतारावर जी पळालेय तशी नाळेतही (डोंगरातली उतरती घळ) पळाले नव्हते. शेवटच्या बोटीत बसलो. तो काहीच बोलला नाही, म्हणजे जास्तच. तेव्हा साधं हाताचं घड्याळ न्या आणि जहाजाच्या वेळेला लावून तसंच ठेवा, आणि ऑल अबोर्डच्या दीड तास आधी बंदरावर हजर.

१३. जोडीदाराला उतरायचंच नसेल तर एकट्याने गेलं तर चालतं का? वाईट दिसतं का?

चालतं, प्रत्येकाचं कार्ड वेगळं स्कॅन होतं. बंदराच्या दिवशी जहाज निम्मं रिकामं असतं, पूल मोकळा, त्याच्यासाठी तोच स्वर्ग. वाईट दिसायचं काय त्यात, लोकांना कळतही नाही. पण एक करा, आदल्या रात्री ठरवा: कुठे जातेय, कुठल्या वाटेने, किती वाजेपर्यंत. ट्रेकला आपण घरी प्लॅन ठेवून जातो तसंच. आणि संध्याकाळचं जेवण दोघांचं, त्यात सूट नाही. आम्ही चार दिवसांतला एक दिवस असा घेतला, बाकी तीन त्याचे. निम्मे-निम्मे मागू नका, प्रश्न २ परत वाचा.

१४. ते मस्टर ड्रिल (आणीबाणीत कुठे जमायचं त्याची तालीम) कंटाळवाणं असतं म्हणे, बुडवलं तर?

बुडवू नका, नाव पुकारतात, आणि पुकारलं नाही तरी जा. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा काँकॉर्डिया खडकावर आपटली, ३२ माणसं गेली, आणि त्या दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांचं ड्रिल झालंच नव्हतं. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ड्रिल घ्यावंच लागतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा आणीबाणीचा इशारा. आपलं मस्टर स्टेशन केबिनपासून अंधारातही सापडेल असं एकदा चालून बघा, जिन्याने.

१५. मुंबई-गोवा जाताना समुद्रातून किल्ले दिसतात का? विजयदुर्ग, सिंधुदुर्ग?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर ऐकून सगळे हिरमुसतात. जहाज किनाऱ्यापासून बरंच बाहेरून जातं आणि मधला सगळा पट्टा रात्री येतो. जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग झोपेत जातात. मुंबई सोडल्यावर उजेड असेल आणि हवा स्वच्छ असेल तर डाव्या हाताला अलिबागची बाजू आणि खांदेरी शोधता येते, तिथला दीपस्तंभ १८६७ चा, आता कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. अंधार पडला तर नुसता त्याचा झोत. दुर्बीण न्या. जाताना किनारा डावीकडे म्हणजे पोर्ट साइडला, येताना उजवीकडे, केबिन निवडताना हे लक्षात ठेवा. गोव्याच्या जवळ पहाटे डॉल्फिन दिसतात कधीकधी.

तरी मी रात्री अकरापर्यंत कठड्याला उभी होते. महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या आणि सिद्दीच्या नाकासमोर खांदेरी बांधायला घेतला तो किती आडनिडा खडक आहे, हे जमिनीवरून कळत नाही, पाण्यातून बघितल्यावर कळतं. नवरा दोन कप कॉफी घेऊन आला आणि म्हणाला "सांग."

१६. समुद्रात नेटवर्क येतं का? हिंजवडीत आहे, एक दिवस वर्क फ्रॉम क्रूझ टाकू का?

टाकू नका. किनारा सुटला की रेंज जाते. जहाजाचं वायफाय पैसे देऊन मिळतं, मेसेज जातात, कॉलचा भरवसा नाही. जहाज सुटलं की फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, नाहीतर तो जहाजावरचं सॅटेलाइटचं मोबाइल नेटवर्क पकडतो आणि त्याचे रोमिंग दर तुमच्या पॅकमध्ये बसत नाहीत. आणि मुळात ज्याच्यासाठी गेलात त्याच्यासमोर लॅपटॉप उघडून बसणार असाल तर घरीच बसा.

१७. पावसाळ्यात जाता येईल का, तेव्हा डिस्काउंट असतं का?

जून ते सप्टेंबर अरबी समुद्र आपला नसतो. १७ जुलै १९४७ ला रेवसला जाणारी रामदास बोट भर पावसात बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, अलिबागकडच्या घरांत अजून ती गोष्ट सांगतात. आजची जहाजं कितीतरी मोठी आणि भक्कम आहेत, पण खवळलेल्या समुद्रात सुट्टी कसली. तसंही पावसाळा आपला सीझन आहे, तेव्हा डोंगर, दिवाळीनंतर समुद्र, घरात वाटणी करायला सोपं.

१८. पैसे भरले आणि बंदरच रद्द झालं तर?

होतं असं. लक्षद्वीपला तर जास्तच, कारण बेटांभोवतीचं पाणी उथळ, मोठं जहाज बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या बोटीने नेतात, वारा वाढला की कॅप्टन बोटी सोडत नाही. कंपनीच्या अटींमध्ये हे लिहिलेलंच असतं, बंदराचे कर किंवा टूरचे पैसे मिळाले तर मिळतात, तिकिटाचे नाही. चिडून काही होत नाही. माथ्याखाली शंभर मीटरवरून परत फिरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, कॅप्टन म्हणजे लीडर.

१९. इतक्या छोट्या जागेत भांडण झालं तर जायचं कुठे?

वरच्या डेकवर. आमचं झालं, फुकेतनंतर (प्रश्न १२). मी तीन तास वर होते, मग भूक लागली, बुफेत गेले तर तो आधीच दोघांची ताटं घेऊन बसला होता, एका ताटात माझ्यासाठी मागून घेतलेला दहीभात. विषय संपला.

२०. आई-बाबांना किंवा सासू-सासऱ्यांना बरोबर नेलं तर? बायको गरोदर असेल तर?

ज्येष्ठांसाठी क्रूझइतकी सोपी ट्रिप नाही, रोज बॅगा भरायच्या नाहीत, लिफ्ट आहे, डॉक्टर आहे. पण छोट्या बोटीने उतरायचं असलं तर गुडघेवाल्यांना ती चढ-उतार अवघड जाते, आधी विचारा. आणि केबिन शेजारची घेऊ नका, दोन डेक सोडून घ्या. कारण लिहीत नाही.

गरोदरपणात बहुतेक कंपन्या २४ आठवड्यांच्या पुढे घेत नाहीत, आणि ते परतीच्या दिवशी किती आठवडे होतील त्यावर मोजतात, बुकिंगच्या नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तरी नाही. परदेशी क्रूझला इन्शुरन्स घ्याच, त्यात मेडिकल इव्हॅक्युएशन आहे का ते वाचा.

२१. मला क्रूझ पण हवी आणि थरार पण. मधलं काही?

आहे, एक्स्पिडिशन क्रूझ. अर्जेंटिनातल्या उश्वायाहून अंटार्क्टिकाला, मधे ड्रेक पॅसेज, दोन दिवस जगातल्या सगळ्यात वाईट पाण्यातून. पाचशेपेक्षा जास्त प्रवाशांची जहाजं तिथे माणसं उतरवू शकत नाहीत, आणि एका वेळी किनाऱ्यावर शंभरच जण, म्हणून लहान जहाज घ्यायचं. खर्च अनेक लाखांत. पण ज्याला बाल्कनीत पुस्तक वाचायचंय त्याला फसवून तिथे नेऊ नका. मी एकदा विषय काढला, त्याने फक्त "ड्रेक पॅसेज" असं सर्च केलं आणि फोन माझ्यासमोर ठेवला.

२२. मग आता तो ट्रेकला येतो का?

पायथ्यापर्यंत. मार्चमध्ये राजगडला आला होता, गुंजवण्यात एका घराच्या ओटीवर बसून राहिला. जाताना माझं घड्याळ काढून घेतलं आणि त्याचं एचएमटी माझ्या मनगटाला बांधलं.

२३. क्रूझवरून रविवारी परत येतोय, सोमवारी सुट्टी आहे, लगेच लिंगाणा (दोर लावून चढायचा सुळका) ठेवू का?

नको. जमिनीवर आल्यावर एक-दोन दिवस अंग अजून डुलतंय असं वाटतं, उभ्या उभ्या, आंघोळ करताना तर जास्तच. बहुतेकांचं दोन दिवसांत जातं, नाही गेलं तर डॉक्टर. अशा अवस्थेत रॉकपॅचवर जाणं म्हणजे स्वतःबरोबर दोरावरच्या दुसऱ्यालाही गोत्यात आणणं. तळजाईला जा, सपाट रस्त्यावर चाला, मंगळवारनंतर बघू.